मोटार फिरते, पण पाणी येत नाही : दुसऱ्यांदा बटण दाबण्यापूर्वी



पाऊस उघडला, ऊन तापू लागले, की मळ्यात पहिली आठवण होते ती मोटारीची. पावसाळाभर विहिरीवर किंवा नदीकाठी गप्प बसलेला पंप ऑक्टोबरमध्ये एकदम कामाला जुंपायचा असतो. आडसाली ऊस गुडघ्याच्या वर आलेला, पूर्वहंगामी लागणीच्या सऱ्या सोडून झालेल्या, आणि लाईट यायची ती आपल्या सोयीने नव्हे, फीडरच्या पाळीने. अशा घाईत माणूस पेटी उघडतो आणि हिरवे बटण दाबतो. मोटार फिरते, आवाजही येतो. पण पाटात पाण्याचा थेंब नाही. मग लाल बटण. पुन्हा हिरवे. पुन्हा लाल, पुन्हा हिरवे.

गेल्या हंगामात आमच्या एका सभासदाने असेच केले. तासाभरात पंधरा-वीस वेळा बटण दाबले. शेवटी पेटीतून नव्हे, मोटारीतूनच करपल्याचा वास आला. मोटार रिवायंडिंगला गेली. तिथे आधीच्या मोटारी रांगेत. चार दिवसांनी मोटार परत आली, बसवली, बटण दाबले, तरी पाणी नाहीच! मग विहिरीत उतरून फूटव्हॉल्व्ह वर काढला, तर झडपेत बोटभर लांबीची चिंचेची काडी अडकलेली. काडी काढली, पंप भरला, पाणी सुरू. तोवर त्यांची पाळी निघून गेली होती आणि माळाकडचा खोडवा पिवळा पडला होता. ते गट ऑफिसात येऊन म्हणाले, "साहेब, काडीनं मोटार खाल्ली." आमच्या मते मोटार काडीने खाल्ली नाही, बटणाने खाल्ली.

म्हणून या अंकात एकच गोष्ट सांगायची आहे. पहिल्या बटणाला पाणी आले नाही, तर दुसऱ्यांदा बटण दाबण्यापूर्वी पाच मिनिटे थांबा आणि ठरलेल्या क्रमाने तपासा. सुरुवातीलाच पंप अडला तर बहुतेक वेळा दोष बिनपैशाचा किंवा वायसरच्या किमतीचा असतो. त्याचा मोठा खर्च आपण स्वतः करून घेतो.

पंप 'ओढतो' म्हणजे काय करतो?

मोटेच्या काळात हा प्रश्न नव्हता. मोट पाण्यात बुडायची, भरायची, बैल ओढायचे, पाणी वर यायचे. आपण समजतो की पंपही तसाच पाणी वर ओढतो. तसे नाही. पंपाच्या पोटात एक पंखा असतो, त्याला इंपेलर म्हणतात. तो पोटातले पाणी जोराने कडेला फेकतो. पाणी कडेला गेले की मधोमध पोकळी होते. विहिरीतल्या पाण्यावर बाहेरच्या हवेचा दाब सतत असतोच. तो दाब पाण्याला सक्शन पाईपातून त्या पोकळीत वर ढकलतो. शहाळ्याचे पाणी आपण नळीने पितो त्यातला हा प्रकार. नळीला वर कुठे भोक असेल तर कितीही ओढा, तोंडात हवाच येते.

आता पंपाच्या पोटात पाण्याऐवजी हवा असेल तर काय होईल? पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट जड आहे. जो पंखा पाणी २० मीटर उंच फेकू शकतो, तोच पंखा नुसत्या हवेवर फिरला तर खालचे पाणी जेमतेम अडीच सेंटीमीटर वर आणू शकतो. म्हणजे दोन बोटेसुद्धा नाही. मोटार दिवसभर फिरवली तरी पाणी येणार नाही. पंपाला आधी पाणी पाजावे लागते, मगच तो पाणी देतो. दूध काढण्याआधी म्हशीपुढे वैरण टाकतोच की नाही आपण!

आधी कान द्या

डॉक्टर नाडी बघतो तसे पंपाचे पहिले लक्षण आवाजात असते. हिरवे बटण दाबल्यावर पुढीलपैकी काय घडते ते नीट बघावे.

एक. काहीच आवाज नाही. तर लाईट नाही, फ्यूज गेला आहे, रिले पडला आहे किंवा व्होल्टेज इतके कमी आहे की स्टार्टरची कॉईल धरत नाही.

दोन. घूंऽऽ असा आवाज येतो, पण मोटार फिरत नाही. हे सर्वांत धोक्याचे. ताबडतोब, मनात पाच आकडे मोजायच्या आत, लाल बटण दाबावे. एक फेज नाही, किंवा पंप जाम झाला आहे, किंवा व्होल्टेज फार पडले आहे.

तीन. मोटार झकास फिरते, आवाज हलका येतो, पाणी नाही. तर पंपात हवा आहे. विजेकडे बघू नका, पाण्याकडे बघा.

चार. पाणी येते, मिनिटभरात सुटते. तर हवा कुठून तरी शिरते आहे, किंवा विहिरीचे पाणी खाली गेले आहे.

पाच. पाणी येते, पण बारीक. तर मोटार उलटी फिरते आहे, जाळी तुंबली आहे किंवा इंपेलर झिजला आहे.

पेटीवर ॲमीटर असेल तर काम आणखी सोपे. तीन फेजच्या मोटारीला पूर्ण भाराला अश्वशक्तीमागे साधारण दीड ॲम्पिअर लागतो. ५ अश्वशक्तीला ७ ते ७.५, साडेसातला ११ च्या आसपास. काटा नेहमीच्या निम्म्यावर घुटमळत असेल आणि पाणी नसेल, तर पंप कोरडा फिरतो आहे. काटा नेहमीपेक्षा फार वर गेला, तर दोष विजेत आहे किंवा पंप अडकला आहे. पंप चांगला चालत असताना काटा कुठे असतो, ती खूण पेटीवर रंगाने करून ठेवावी. हे काम आजच करण्याजोगे आहे.

पाजण्याची रीत, आणि मोजून पाजण्याचा फायदा

मेन स्विच बंद करावा. फ्यूज काढून खिशात ठेवावेत, पेटीवर ठेवू नयेत. दुसऱ्या कुणी चुकून बसवले तर घात होईल. मग पंपाच्या डोक्यावरची हवेची तोटी उघडून नरसाळ्याने सावकाश पाणी ओतावे. पाणी घाईने ओतले की हवा खाली कोंडते. मधूनमधून मोटारीचा दांडा हाताने फिरवावा, म्हणजे पंख्याच्या पाकळ्यांत अडकलेली हवा बुडबुडे होऊन वर येते. बुडबुडे थांबले, तोटीतून अखंड धार आली, की तोटी बंद.

दांडा हाताने फिरला नाही तर तिथेच थांबावे. पावसाळाभर बसलेल्या पंपात इंपेलर गंजाने धरतो, ग्लँडची दोरी सुकून दांड्याला चिकटते. अशा वेळी बटण दाबणे म्हणजे बैलाचे पाय बांधून चाबूक मारणे. आधी ग्लँडचे नट सैल करून पान्याने दांडा मोकळा करावा.

आता मोजून पाजण्याचे. सक्शन पाईप ३ इंची आणि २० फूट लांब असेल तर त्यात सुमारे २७ लिटर पाणी मावते. ४ इंची असेल तर सुमारे ४७ लिटर. त्यात पंपाच्या पोटातले थोडे धरा. दहा-बारा लिटरच्या बादलीने ३ इंची पाईपाला तीन बादल्या, ४ इंचीला चार-पाच. आपल्या पंपाला किती बादल्या लागतात, हे एकदा पाईप पूर्ण रिकामा असताना मोजून लिहून ठेवावे. मग पुढे कधी आठ बादल्या ओतूनही पंप भरला नाही, तर पाणी खाली विहिरीत चालले आहे हे उघड झाले. आणि दोन बादल्यांतच भरला असे वाटले, पण पाणी आले नाही, तर मध्ये हवा कोंडली आहे.

लांब पाईपलाईन असलेल्या सभासदांसाठी एक सोय. पंपाच्या वरच्या बाजूला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असेल तर त्याच्या वर लाईनमध्ये पाणी भरून राहते. तिथून अर्ध्या इंचाची नळी आणि एक कॉक पंपाच्या डोक्याला जोडून घेतला, की रात्री अंधारात बादल्या वाहायला नकोत. कॉक उघडला, तोटी उघडली, पंप भरला.

डिलिव्हरीला व्हॉल्व्ह असेल तर तो बंद ठेवून मोटार सुरू करावी. अशा पंपावर त्या वेळी भार कमीत कमी असतो. मोटारीने वेग घेतला की व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा. बंद व्हॉल्व्हवर एक-दोन मिनिटांपेक्षा जास्त चालवू नये, पोटातले पाणी तापते.

पाणी ठरत नाही : फूटव्हॉल्व्ह

काही गावांत याला सरळ 'फुटबॉल' म्हणतात. नाव काहीही असो, काम दाराचे आहे : पाणी आत घ्यायचे, परत जाऊ द्यायचे नाही. पंप काठोकाठ भरून पाच मिनिटे बघत बसावे. पातळी खाली गेली तर फूटव्हॉल्व्ह गळतो किंवा खालचा एखादा जोड गळतो.

कारणे ठरलेली. झडपेखाली काडी, पाचट, वाळू किंवा प्लॅस्टिकचा तुकडा अडकतो. चामड्याचा अगर रबराचा वायसर सुकून वाकडा होतो. जाळी फाटते. पावसाळ्यात वाहून आलेला गाळ बसतो. नॉयलॉनच्या सुतळीने दुरून झडप उचलायची सोय करून ठेवली असेल, तर दोन-चार वेळा झडप आपटून काडी सुटते. नाही तर वर काढावा लागतो.

आपल्याकडे जुना उपाय म्हणजे पाईपात शेणकाला ओतणे. त्याने झडपेची फट तात्पुरती बुजते, पाणी ठरते, पाळी भागते. हा उपाय अडचणीत आम्हीही केला आहे, नाकारत नाही. पण दर वेळी शेणकाला घालणे म्हणजे छप्पर गळते म्हणून रोज भांडी मांडणे. पाळी संपली की फूटव्हॉल्व्ह काढून वायसर बदलावा. ठिबकवाल्यांनी तर शेणकाला घालूच नये, फिल्टर तुंबतो.

फूटव्हॉल्व्ह तळापासून निदान फूटभर वर असावा, म्हणजे गाळ ओढत नाही. आणि पंप चालू असताना पाण्याची पातळी उतरली तरी त्याच्यावर दोन फूट पाणी राहील असा बुडालेला असावा. पाणी कमी राहिले तर वर भोवरा फिरू लागतो आणि त्यातून हवा आत जाते. पंप चालतो, सुटतो, चालतो, सुटतो, असे होऊ लागले की विहिरीत डोकावून भोवरा आहे का ते बघावे.

हवा कुठून शिरते?

फूटव्हॉल्व्ह ठीक, पंप भरलेला, तरी पाणी येऊन सुटते. तर सक्शनच्या बाजूला कुठेतरी भोक आहे. गंमत अशी की पंप चालू असताना हे भोक दिसत नाही, कारण पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून ते पंप बंद असताना शोधावे. पाईप पाण्याने भरलेला असला की त्याच भोकातून बाहेर थेंब ठिबकतात. प्रत्येक फ्लँज, प्रत्येक आटे कोरड्या फडक्याने पुसून पाच मिनिटांनी हात फिरवावा. ओल लागली तिथे दोष.

तेवढ्याने सापडले नाही तर पंप चालू करून जोडांना साबणाचा फेस लावावा. फेस आत ओढला गेला की चोर सापडला. हात फक्त पाईपाच्या जोडांवर. फिरत्या दांड्याजवळ फडके, लुगड्याचा पदर, उपरण्याचे टोक काहीही नेऊ नये.

फ्लँजमधले रबर पॅकिंग जुने झाले असेल तर नवे घालावे आणि बोल्ट समोरासमोरचे एकाआड एक आवळावेत. एकाच बाजूने आवळले की दुसरीकडे फट राहते. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळणे हा एका दिवसाचा उपाय आहे, हंगामाचा नव्हे.

ग्लँड हेही हवेचे दार आहे. दोरी घातलेल्या ग्लँडमधून पंप चालू असताना थेंब थेंब पाणी पडलेच पाहिजे. "गळतंय" म्हणून लोक नट आवळतात, थेंब थांबतो, आणि कोरड्या दोरीने दांडा कापला जातो. उलट फार सैल सोडला तर हवा आत जाते. सेकंदाला एखादा थेंब हे माप धरावे. ज्या मोनोब्लॉकला मेकॅनिकल सील असते तिथे मात्र थेंब पडू नये; पडला तर सील गेले. असे सील कोरडे फिरवले तर थोड्या वेळातच खराब होते.

सक्शन पाईप पंपाकडे चढता असावा. मध्ये कुठे कमान झाली तर तिथे हवा जाऊन बसते. मग कितीही पाजा, ती हवा निघत नाही. पाईप विहिरीच्या थारोळ्यावरून उचलून परत खाली पंपाला जोडलेला आम्ही अनेक ठिकाणी पाहिला आहे. त्या ठिकाणी दोष पंपाचा नाही, बसवणाऱ्याचा आहे.

वीस फुटांचा हिशेब

हवेचा दाब पाण्याला समुद्रसपाटीला जास्तीत जास्त १०.३ मीटर, म्हणजे ३४ फूट वर ढकलू शकतो, तेही आत पूर्ण पोकळी झाली तर. आपला मुलूख दक्खनच्या पठारावर ५००-६०० मीटर उंचीवर. इथे त्यातले अर्धा-पाऊण मीटर आणखी कमी होते. पाईपातले घर्षण, बेंड, जाळी यांचा वाटा वजा केला की व्यवहारात सहा-सात मीटर, म्हणजे वीस-बावीस फूट हाती लागतात. पाण्याच्या पातळीपासून पंपाच्या मध्यापर्यंतची उंची याच्या आत हवी.

दिवाळीला चांगला चालणारा पंप मार्चमध्ये पाणी सोडू लागतो त्याचे कारण हेच. पंप बिघडलेला नसतो, पाणी दूर गेलेले असते. मोठी मोटार बसवून हा प्रश्न सुटत नाही. हवेचा दाब अश्वशक्तीने वाढत नाही. पंप खाली, दुसऱ्या टप्प्यावर उतरवावा किंवा पाण्यात बुडणारा पंप घ्यावा.

फेज, व्होल्टेज आणि दिशा

आता घूंऽऽ आवाजाकडे वळू. तीन फेजपैकी एक गेला की बंद मोटार फिरत नाही, नुसती कण्हते. फिरत असताना फेज गेला तर ती फिरत राहते, पण उरलेल्या दोन तारांतून दीडपट-पावणेदोनपट करंट ओढते. रिले बरोबर लावलेला नसेल तर थोड्या वेळात वायंडिंग जळते.

नुसत्या टेस्टरवर विश्वास ठेवू नये. मोटार जोडलेली असताना दोन फेजचा प्रवाह वायंडिंगमधून फिरून मेलेल्या तारेवरही येतो आणि टेस्टर तिथेही लुकलुकतो. मोटार बंद असताना व्होल्टमीटरवर तिन्ही जोड्या बघाव्यात. तिन्ही जवळजवळ सारख्या आणि ४१५ च्या आसपास असाव्यात. व्होल्टेज कमी झाले की मोटारीचा जोर त्याहून जास्त कमी होतो : ३३० व्होल्टला जोर पुऱ्या दोन तृतीयांशही राहत नाही. स्टार-डेल्टा स्टार्टरवर तर स्टारमध्ये जोर आधीच एक तृतीयांश असतो. म्हणून हाताच्या दांड्याचा स्टार्टर असेल तर स्टारमध्ये मोटारीला पुरता वेग येऊ द्यावा, मग डेल्टात टाकावे. वेग येतच नसेल तर व्होल्टेज सुधारेपर्यंत थांबावे. पाळी जाते हे खरे. पण पाळी परत येते, जळालेली मोटार पैसे घेऊन येते.

ओव्हरलोड रिले मोटारीच्या पाटीवरच्या ॲम्पिअरला लावावा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले बहुधा फेजच्या तारेत असतो, तिथे पाटीवरचा आकडा ०.५८ ने गुणून लावतात. "सारखा पडतोय" म्हणून रिले वाढवून ठेवणे, बटणात काडी खुपसून ते दाबून ठेवणे, फ्यूजमध्ये जाड तार घालणे, हे राखणीच्या कुत्र्याचे तोंड बांधण्यासारखे आहे. तो भुंकत होता तो आपल्यासाठी.

कंडेन्सर टाकून दोन फेजवर मोटार चालवण्याचा प्रकारही सर्रास दिसतो. त्यात मोटार पूर्ण जोर देत नाही, तापते आणि तिचे आयुष्य घटते. याला बचत म्हणता येणार नाही.

लाईनचे किंवा डीपीचे काम झाल्यावर, मोटार रिवायंडिंग होऊन आल्यावर फिरण्याची दिशा जरूर बघावी. केसिंगवर बाण असतो. उलट फिरला तर पंप पाणी परत विहिरीत ढकलत नाही; देतो पुढेच, पण फार कमी. म्हणून चूक लवकर लक्षात येत नाही. कुठल्याही दोन फेजच्या तारा आपापसांत बदलल्या की दिशा सुधारते. हे काम मेन स्विच बंद करून जाणत्या वायरमनने करावे.

ऑटो स्विच आणि मोबाईल

रात्रीची लाईट असते, झोपमोड नको, म्हणून ऑटो स्विच बसवला जातो. लाईट आली की गावातल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात. सरळ सुरू होणारी मोटार सुरुवातीला नेहमीच्या पाच-सात पट करंट घेते. शंभर घरची वरात एका दाराने शिरल्यासारखे होते; डीपीचा फ्यूज उडतो किंवा डीपीच जळते, आणि मग साऱ्या शिवाराचा ऊस वाट बघत उभा. ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण वारंवार करते ते उगीच नाही.

मोबाईलवरून मोटार सुरू करण्याची सोय चांगली आहे. पण फोन उचलणाऱ्या मोटारीला आपल्या पोटात पाणी आहे की हवा, हे कळत नाही. रात्री फूटव्हॉल्व्ह गळून पंप रिकामा झालेला असेल तर आपण अंथरुणात आणि पंप कोरडा फिरतोय. असे यंत्र घ्यायचेच तर कोरडे चालल्यास आणि फेज गेल्यास मोटार आपोआप बंद करणारे घ्यावे.

पुरात बुडालेल्या मोटारी आणि पाणबुडी पंप

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुरात नदीकाठच्या कितीतरी मोटारी पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर, वरून कोरडी दिसली म्हणून लगेच सुरू केलेली मोटार हमखास जळते. आतली ओल डोळ्याला दिसत नाही. मोटार उघडून, धुऊन, वाळवून, मेगरवर निदान १ मेगाओहम इन्सुलेशन दाखवल्याशिवाय बटणाला हात लावू नये. बेअरिंगमधले ग्रीस बदलावे. पेटी आणि केबलचेही तेच.

पाण्यात बुडणाऱ्या सबमर्सिबल पंपाला पाजावे लागत नाही. पण पाणी भरून चालणारी मोटार असेल तर सोडण्यापूर्वी तिच्या पोटात स्वच्छ पाणी भरलेले असलेच पाहिजे. पाणी कमी आले तर पहिली शंका उलट्या दिशेची घ्यावी. दोन्ही दिशांनी चालवून जिकडे पाणी जास्त तीच दिशा खरी.

शेवटचे, पण सर्वांत आधीचे

एवढा वेळ मोटारीचे सांगितले. आता माणसाचे. पंप अडल्यावर माणूस घाईत असतो, अंधार असतो, पाय ओल्यात असतात. अपघात त्याच वेळी होतात. मोटार दुरुस्त होते, घरचा कर्ता पुरुष परत येत नाही.

फूटव्हॉल्व्हसाठी विहिरीत उतरताना फ्यूज काढून उतरणाऱ्याच्याच खिशात असावेत. ऑटो स्विच असलेल्या विहिरीत तर हे विसरलात तर लाईट आल्याबरोबर मोटार सुरू होणार. वर एक माणूस उभा असल्याशिवाय उतरू नये. विहिरीत डिझेल इंजिन चालू असेल किंवा नुकतेच बंद केले असेल तर उतरूच नये; त्याचा विषारी धूर खाली साचतो, त्याला वास येईलच असे नाही, आणि दिवा तेवत राहिला म्हणजे हवा चांगली असेही नाही. आत कोणी कोसळला तर मागोमाग उडी घेऊ नये, दोराने ओढावे.

मोटारीला आणि पेटीला स्वतंत्र अर्थिंग हवे. न्यूट्रल म्हणजे अर्थिंग नव्हे. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतत जावे. डीपीवरचा फ्यूज काठीने बसवायला जाऊ नये, कितीही सवय असली तरी. ते काम वायरमनचे आहे.

आता एक विनंती. खालच्या ओळी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून स्टार्टरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवाव्यात. घरात मुले शाळेत जात असतील तर त्यांच्याकडून लिहून घ्याव्यात, म्हणजे त्यांनाही पाठ होतील.

१. तिन्ही फेज आणि व्होल्टेज बघितले का?
२. दांडा हाताने फिरतो का? (फ्यूज काढून)
३. पंप भरला का? किती बादल्या लागल्या?
४. पाच मिनिटे पाणी ठरले का?
५. आता बटण. पाणी आले नाही तर मिनिटाच्या आत बंद.
६. लागोपाठ तिसऱ्यांदा बटण दाबायचे नाही. दोष शोधायचा.

ऊस वर्षा-दीड वर्षाचे पीक. त्याच्या एका पाळीचा खंड वजनकाट्यावर दिसतो, आणि वजनकाट्यावर दिसतो तो आपल्या बिलात दिसतो. कारखान्याची चाके ज्या उसावर फिरतात तो ऊस शेवटी विहिरीवरच्या त्या एका पंख्यावर उभा आहे. त्याला आधी पाणी पाजा, मग त्याच्याकडून पाणी घ्या.